काठानं धरा

"काठानं धरा!"

आमचे घरमालक हे दिवसातून दहा वेळा ओरडायचे, आणि त्यातल्या नऊ वेळा समोरच्याच्या हातात पदक नसायचंच. चहाची बशी असायची, लाइटबिल असायचं, एकदा तर माझ्या हातात तव्यावरनं काढलेली भाकरी होती. गरम भाकरी काठानं कशी धरतात ते तुम्हीच दाखवा, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. पण भाड्याच्या घरात जीभ जरा आवरून ठेवावी लागते, आणि माझी जीभ आवरायला किती कष्ट पडतात ते माझ्या नवऱ्याला विचारा.

जिंतूरला त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही चार वर्षं काढली. मी पंचायत समितीत कारकून, नवऱ्याची स्वतःची जीप, तो भाडी मारायचा. मालक खाली एकटे. त्यांची बायको आम्ही राहायला यायच्या आधीच गेलेली, मूलबाळ नाही, एक पुतणी नांदेडला. सगळी नोकरी येलदरीच्या धरणावर पाण्याची पातळी वाचून रजिस्टरात लिहिण्यात गेलेली. निवृत्त झाले तरी ती खोड काही गेली नव्हती. रोज सकाळी शिडी लावून गच्चीवरच्या टाकीत लाकडी पट्टी बुडवायचे आणि जिन्याच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहायचे. आकडा घसरला की जिन्यातूनच हाक.

"पोरी, कालच्यापेक्षा अकरा सेंटिमीटर उतरलं! धुणं धुतलंस का सगळ्या गल्लीला अंघोळ घातलीस?"

मी वरून भांडं आपटून उत्तर द्यायची.

गावात त्यांना कप्तान म्हणायचे. समुद्र त्यांनी जन्मात बघितला नव्हता आणि बघायची हौसही नव्हती. माझा नवरा एकदा म्हणाला, "काका, चला की, जीपमधून कोकणात फिरवून आणतो." तर म्हणाले, "ज्या पाण्याची पातळी मला लिहिता येत न्हाई, त्याच्याजवळ जाऊन मी काय करू?" आणि या माणसाकडे नौदलाच्या जहाजांची दोनशेच्या वर स्मृतिपदकं होती.

हे वेड लागलं धरणावरच. खात्याची एक मोटारबोट होती, तिचा ड्रायव्हर नौदलातून निवृत्त होऊन आलेला. तो जाताना आपल्या जहाजाचं पदक यांच्या हातात ठेवून गेला. ते पदक यांनी महिनाभर जेवणाच्या डब्याबरोबर धरणावर नेलं आणि परत आणलं. मग देशभरच्या निवृत्त नौसैनिकांना पत्रं लिहायला लागले. कुणी पदक पाठवायचं, कुणी उत्तरच द्यायचं नाही, कुणी चार शिव्या लिहून पाठवायचं. शिव्यांची पत्रंसुद्धा त्यांनी जपून ठेवली होती. "पत्ता बरोबर हाय एवढं तरी कळलं ना," म्हणायचे.

कुणी बिल्ला म्हटलं तर मात्र खपायचं नाही. "बिल्ला हमालाच्या दंडावर असतो. हे पदक हाय. जहाज नौदलात दाखल झालं की एक पाडतेत, जहाज म्हातारं होऊन निवृत्त झालं की आणखी एक. जल्माचं अन् मरणाचं. माणसाचं तरी कोण पाडतंय?"

रविवारी दुपारी खालून बोलावणं यायचं, आणि ते बोलावणं म्हणजे शिक्षाच. आधी साबणानं हात धुवायचे, पुसायचे, मग बँडवाल्याकडून आणलेले पांढरे हातमोजे चढवायचे. खाली गादी अंथरलेली, पदक पडलंच तर गादीवर पडावं म्हणून. श्वास सोडायचा तर मान वळवून सोडायचा. एवढं सगळं करून ते काशाचं थंडगार चाक हातात आलं की मला घाम फुटायचा, आणि माझा घाम बघून त्यांना घाम फुटायचा. ट्रंकेत जागोजागी त्या पांढऱ्या पुड्या ठेवलेल्या, बुटाच्या नव्या खोक्यात निघतात त्या, ओल धरू नये म्हणून. गावातल्या सगळ्या चपलांच्या दुकानांतून त्या ते मागून आणायचे. दुकानदारांना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

"एवढं कशाला पण, काका?" मी एकदा वैतागून विचारलं.

"बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं," ते म्हणाले. "धातूवर बोट टेकलं की आज दिसत न्हाई. सहा महिन्यांनी वर येतं, काळं होऊन. मग जल्मभर जात न्हाई. घासलं तरच जातं, अन् घासायचं तर अजिबात न्हाई. काळेपणा हे पदकाचं वय हाय. घासलं की पदक मेलं."

त्याच दुपारी त्यांनी एक वेगळी लाकडी पेटी उघडली. आत निळ्या मखमलीवर अकरा पदकं होती, त्यांची सगळ्यात लाडकी. त्यातलं एक त्यांनी काठानं उचलून माझ्यासमोर धरलं. नदीचं नाव ठेवलेल्या एका जहाजाचं ते पदक. त्यावर डोक्यावर घागर घेतलेली एक बाई कोरलेली, पायाशी मगर. आणि बाईच्या बरोबर मधोमध एक काळा लांबट डाग. वाकून बघितलं तर डागात रेघा होत्या, बारीक, गोल फिरत गेलेल्या.

"अंगठा हाय," ते म्हणाले. "हिचा." आणि भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे त्यांनी हनुवटी केली.

प्रत्येक पदकाचं एक कार्ड असायचं. जहाज, साल, धातू, वजन, कुणाकडून आलं, आणि शेवटचा रकाना, दोष. या पदकाच्या कार्डावर त्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं, 'मधोमध अंगठ्याचा डाग. घरच्यांचा निष्काळजीपणा.' त्यावर आडवी रेघ मारलेली. खाली काळ्या शाईत, जरा थरथरत्या अक्षरात, 'डाग नव्हे. तिचा अंगठा.'

त्यांनीच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"पोस्टमन आला तवा ही भाकरीचं पीठ मळायली होती. मी अंघोळीला. हिनंच पाकीट फोडलं. हिचं माहेर गंगाखेड, नदीकाठचं. घागरीवाली बाई बघितली अन् 'अगं बाई, ही तर माझ्या माहेरची!' म्हणून पिठाच्याच हातानं उचललं. असं, अंगठ्यानं दाबून. मी बाहेर आलो. पोस्टमन उभाच होता. त्याच्यासमोर मी हिला म्हणलं, 'अडाणी बाई, काठानं धरावं एवढं बी कळत न्हाई का तुला?'"

"मग?"

"मग काय. पदक खाली ठेवलं, हात धुतला. त्यानंतर बारा वर्षं जगली ती. पेटीला बोट लावलं न्हाई. झाडायची तर पेटीच्या भोवतीनं झाडायची. मी म्हणायचो, ये, बघ, नवीन आलंय. तर यायची, लांबून बघायची. दोन्ही हात पाठीमागं बांधून."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. पण राग करायचा तर माणूस समोर ताठ बसलेला तरी असावा. काका तर पदक डोळ्यांजवळ नेऊन वाकून बसले होते.

"फोटोत ती हसायलीय, पण ते फोटोवाल्याकडं बघून," ते म्हणाले. "हे मात्र तिनं माझ्या घरात ठेवलंय."

रोज संध्याकाळी ते भिंग घेऊन त्या अंगठ्याकडे बघत बसायचे, हे मला नंतर कळलं. मग हळूहळू भिंग बंद झालं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भिंतीवरचे आकडे एकमेकांवर चढायला लागले. टाकी तुडुंब असायची आणि हे लिहायचे निम्मी. एकदा शिडीवरून पाय सटकला. तरी ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायचे. भ्यायचे हो, दुसरं काय! अख्ख्या धरणाच्या भिंतीवर वाऱ्यावादळात उभा राहिलेला माणूस, पण डोळ्याला सुई म्हटलं की पाय गळायचे.

एके दिवशी त्यांनी माझं दूध सांडलं, आणि वर मलाच म्हणाले, पातेलं काठानं धरायचं असतं. मी भडकले. म्हणाले, "डोळे करून घ्या आधी! म्हणजे पातेलं बी दिसंल अन् काकूंचा अंगठा बी दिसंल!"

बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. ते खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातून हाक आली.

"पोरी, दोन वर्षं झाली तिचा अंगठा बघून. बोटाला ती लागत न्हाई, डोळ्यालाच दिसायची. विचार डॉक्टरला. तारीख घे."

म्हणजे बघा, त्यांना परभणीच्या दवाखान्यात मीच पाठवलं. आणि कशासाठी पाठवलं, तेही मला पक्कं माहीत होतं. पुढचं सगळं यामुळेच इतकं टोचतं.

तारीख मिळाली ती घटस्थापनेच्या दोन दिवस आधीची. माझा नवरा त्यांना जीपनं नेणार, रात्री तिथंच थांबणार, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आणणार. निघताना ते लाकडी पेटी घेऊन वर आले.

"ट्रंक राहू दे कुलपात. ही अकरा रिकाम्या घरात राहायची न्हाईत. पट्टी निघाली की घरी येऊन पहिलं तेच बघणार हाय मी. तवर तुझ्याकडं."

आता अशी वस्तू ठेवायची कुठं? कपाटात नवऱ्याचा हात जातो, स्वयंपाकघरात ओल. मी विचार केला, घरात सगळ्यात सुरक्षित जागा कोणती, जिथं उगाच कुणी हात घालत नाही? देव्हाऱ्याखालचा खण. पेटी तिथं ठेवली, जीप गेली, आणि मी मोठी अक्कल लढवल्याच्या आनंदात ऑफिसला गेले. हा माझा मूर्खपणा. यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही.

माझ्या सासूबाई राणीसावरगावला असतात. घट बसवायला दर वर्षी आमच्याकडे येतात. त्या आदल्या दिवशी येणार होत्या, त्या दोन दिवस आधीच, पहिल्या एस.टी.नं येऊन थडकल्या. किल्ली शेजारी असते हे त्यांना माहीत. फोन करायची पद्धत त्यांच्याकडे नाही.

संध्याकाळी मी जिना चढत होते तेव्हाच चिंचेचा वास आला. मला अजून काही कळलं नव्हतं. उलट बरं वाटलं, सासूबाई आल्या, देव घासून झाले, माझं एक काम वाचलं. घट बसायच्या आधी देव्हाऱ्यातले सगळे देव आणि टाक चिंच, मीठ, राख लावून लख्ख करायचे, ही आमच्या घरातली चालत आलेली रीत. टाक म्हणजे आमचे देव कोरलेले धातूचे छोटे पत्रे. वर्षभर काळे पडतात, घट बसताना सोन्यासारखे दिसले पाहिजेत.

आत गेले. पाटावर लाल कापड, कापडावर आमचे पाच टाक ओळीनं. आणि त्यांच्या मागे, पुढे, डावीउजवीकडे अकरा गोल चकत्या, नव्या पैशासारख्या चमकणाऱ्या. प्रत्येकीला हळदीकुंकू. मधोमध घागरीवाली बाई, तिला झेंडूचं मोठं फूल.

"आलीस का?" सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणं. "बग बरं आता कसे दिसायलेत. आगं, माझ्या लेकाच्या घरात देव इतके काळेकुट्ट? लोकं काय म्हंतेल! अन् खणातल्या पेटीतले इतके देव आणले कुठून गं? वाघ हाय, मोर हाय, मासा बी हाय. ही मगरीवरची देवी तर लयच काळी होती. तिच्यावर डाग पडलेला, निघता निघंना. चार बार चिंच लावली तवा गेला."

मी पाटाशी वाकले. घागरीवाल्या बाईला उचललं. काठानं उचललं, सवयीनं. मधोमध काही नव्हतं. उजेडाकडे धरलं, तिरकं केलं, फुंकर मारून बघितलं. तोंडातली वाफ बसली आणि उडून गेली, खाली एकही रेघ नाही.

मग मी ओरडले. काय काय ओरडले ते आता लिहवत नाही. सासूला असं कुणी बोलतं का, असं म्हणणारे म्हणोत. त्या आधी चिडल्या, मग गोंधळल्या, आणि मी सगळी हकीकत सांगितल्यावर भिंतीला टेकून खाली बसल्या.

"त्यांच्या बायकोचा अंगठा?" त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाचा?"

"हो."

"अन् मी घासला?"

तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याचा. ऑपरेशन चांगलं झालंय, काका बोलायचं म्हणतायत. मग काकांचा आवाज, औषधानं जडावलेला.

"पोरी, पेटी बरी हाय ना?"

माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात ते पदक. समोर सासूबाई माझ्या तोंडाकडे बघतायत. मी काय करायला हवं होतं? खरं सांगायचं? ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसाला, परक्या गावात, डोळ्यावर पट्टी असताना? मी म्हणाले, "बरी आहे, काका."

"उघडू नको. हवा लागू देऊ नको."

"हो, काका."

फोन ठेवला आणि मला माझीच किळस आली. त्या रात्री आम्ही दोघी जेवलो नाही.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "मी देते की अंगठा उठवून. मला सही कुठं येती? जल्मभर अंगठाच देत आले. पीठ लावून दाबते, त्यांना काय कळतंय?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही मनात आलं. पण अंगठा वर यायला सहा महिने लागतात, आणि हे दुपारी येणार. आणि ज्या माणसानं त्या रेघा सहा-सात वर्षं भिंगातून वाचल्या, त्याला दुसऱ्या बाईच्या रेघा ओळखू येणार नाहीत? मी पदकांवरचं हळदीकुंकू कापसानं पुसलं, एकेक मखमलीत ठेवलं. सासूबाई मदतीला आल्या, तर माझ्याच तोंडून निघालं, "काठानं धरा!" दोघींनीही एकमेकींकडे बघितलं. त्यांनी पुढची सगळी पदकं नखाच्या टोकावर धरून ठेवली.

"ते आले की तुम्ही बाहेर येऊ नका," मी बजावलं. "मीच बोलते. चूक माझी आहे."

दुपारी जीप वाजली. सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन परातीत पीठ मळायला बसल्या. हात नुसते ठेवायचे तरी कुठं, म्हणून. मी पेटी समोर घेऊन उभी. जिन्यावर त्यांची पावलं, आणि मधेच थांबणं, आणि मोठ्यानं हसणं. भिंतीवरचे स्वतःचे आकडे वाचत येत होते.

"अरारा! एवढे दिवस सगळी खोटी पातळी लिहिली की रे मी! खात्यात असतो तर मेमो मिळाला असता!"

दारात आले ते काळा चष्मा लावून. तो वर करून माझ्याकडे बघितलं. "पोरी, तू टिकली लावतीस व्हय? लाल? मला तर दोन वर्षं कपाळ कोरंच दिसायलं होतं." इतकं खूश मी त्यांना चार वर्षांत कधी बघितलं नव्हतं. मी तोंड उघडलं, "काका, आधी बसा, मला एक सांगायचंय," पण त्यांनी हात पुढे केला होता.

"आधी दे."

दिली. त्यांनी पेटी उघडली. अकराच्या अकरा चमकत होती, ती बघून त्यांच्या कपाळावर आठी आली. वाटलं असेल, नव्या डोळ्याला सगळंच चकचकीत दिसत असेल. घागरीवाली बाई त्यांनी काठानं उचलली आणि खिडकीशी गेले. तिरकी केली. परत सरळ केली. खिशातून भिंग काढलं. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. स्वयंपाकघरात परातीचा आवाज थांबला होता.

"हे दुसरं हाय," ते म्हणाले. "माझं कुठाय?"

"काका, तेच आहे ते."

"न्हाई. माझ्यावर अंगठा हाय."

मग मी सांगितलं. देव्हाऱ्याखालचा खण, घट, चिंच. एकही शब्द गाळला नाही, फक्त घासलं कुणी ते नाव घेतलं नाही. नवरा दारात उभा होता, त्याला काहीच माहीत नव्हतं.

ते वळले. पदक अजून काठानंच धरलेलं. "काल फोनवर तू बरी हाय म्हणालीस."

"हो."

"दोन वर्षं मी आंधळा फिरलो. ह्याच्यासाठी सुई टोचून घेतली." आवाज चढत चालला. "कुणी? कुणी घासलं? एवढं बी कळत न्हाई..."

"काका, डोळ्याला ताण देऊ नका," नवरा पुढे झाला. "डॉक्टरांनी सांगितलंय, रडायचं न्हाई, ओरडायचं न्हाई..."

"सरक बाजूला! कुणी घासलं?"

"मी." सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. बाहेर येऊ नका म्हटलं होतं, पण ऐकतील तर ना! दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे, डोळ्यांतून धार. "मी घासलं, दादा. माझ्या सुनेला बोलू नगा. देवाचे टाक समजले मी. मी अडाणी बाई, मला काय कळतंय. मला माफ करा."

आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, पिठाचे हात कशाला लागू नयेत म्हणून.

काकांचं तोंड तसंच उघडं राहिलं. ते सासूबाईंच्या तोंडाकडे बघत नव्हते. पाठीमागे गेलेल्या हातांकडे बघत होते. मला वाटलं आता हे पडतात, नाहीतर पदक भिंतीवर फेकतात. त्यांनी चष्मा काढला, परत लावला. खुर्ची चाचपून खाली बसले.

"आज गेली ती," ते म्हणाले. अगदी हळू, जणू टाकीतला आकडा सांगावा तसं.

मी रडत होते. लाज सोडून, शेंबूड पुसत रडत होते. नवऱ्यानं पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. मग ते उठले आणि सासूबाईंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"अक्का, तो शब्द पुन्हा म्हणायचा न्हाई."

"कोणता, दादा?"

"अडाणी. एकदा म्हणलाय मी तो. पुरे झाला." त्यांनी पदक पुढे केलं. "हात पुढं घ्या."

"नगं, दादा. पीठ हाय हाताला."

"म्हूनच म्हंतोय. घ्या."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी भीत भीत उजवा हात पुढे आणला आणि सकाळी मी शिकवलं होतं तसं, नखाच्या टोकांनी, कडेला धरायला गेल्या.

"काठानं न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी सासूबाईंचा अंगठा स्वतःच्या हातानं धरला आणि घागरीवाल्या बाईच्या मधोमध टेकवला. दाबून धरला. मग पदक तसंच, पिठासकट, मखमलीत ठेवून पेटी बंद केली आणि जिना उतरून गेले. त्या संध्याकाळी ते वर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शिडीचा आवाज आला आणि जिन्यातून हाक आली, "पोरी, नऊ सेंटिमीटर!" मी भांडं आपटलं नाही. नुसतं "हो, काका" म्हणाले.

पुढे माझी बदली परभणीला झाली, आणि गेल्या वर्षी ते गेले. दोनशे पदकांची ट्रंक पुतणीनं नेली. ती लाकडी पेटी मात्र तिनं आमच्याकडे आणून दिली. आत एकच पदक होतं आणि त्याचं कार्ड. वर चिठ्ठी, 'राणीसावरगावच्या अक्कांसाठी.' ती आता आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात असते. यंदा घट बसायच्या आधी सासूबाईंनी चिंच भिजवली, पाचही टाक घासले, आणि पेटी उघडून पदक उजेडात धरलं. मधोमध त्यांचा अंगठा काळा होऊन वर आलाय, एकेक रेघ मोजता येईल इतका. त्यांनी ते घासलं नाही. कार्ड माझ्यापुढे केलं.

"काय लिवलंय गं त्यांनी? मला कुणी वाचूनच दाखवलं न्हाई."

मी शेवटचा रकाना वाचला. 'डाग नव्हे. तिचा अंगठा.' यावर रेघ मारलेली नव्हती. त्याच्याखाली होतं, 'धुतला गेला. चूक कोणाची नाही.' आणि त्याच्याही खाली, ऑपरेशननंतरच्या सरळ, स्वच्छ अक्षरात, 'अंगठा, राणीसावरगावच्या अक्कांचा. मी मागून घेतला.'